परक्या कोकराला लागलेली माया

१२ डिसेंबर, मंगळवार. पारनेरहून परतल्यावर.

हिराबाईंच्या कळपात आज एक मेंढी व्यायली, पण कोकरू मेलेलं निघालं. दुसरं एक कोकरू कालपासून पोरकं, त्याची आई तापाने गेली. हिराबाईंनी ते या मेंढीपुढे धरलं, तर तिने ढुशी मारून लोटलं. म्हणून मला बोलावणं.

“सुई टोचून माया लागंल का वो, डॉक्टरीनबाई?” त्यांनी विचारलं.

नाही, म्हटलं. ऑक्सिटोसिनच्या सुईने पान्हा सुटतो. माया लागायला तेच रसायन मेंदूत आपसूक पाझरावं लागतं. ते पाझरावं म्हणून हातमोजा घालून मी मेंढीच्या योनिमार्गाला पुन्हा विण्यासारखा ताण दिला. हिराबाईंनी विण्याचं चिकट पाणी पोरक्या कोकराला चोळलं. पाचेक मिनिटांत मेंढीने त्याला हुंगलं आणि ती घशातल्या घशात हुंकारली. तो हुंकार फक्त आपल्या पिल्लासाठी असतो. चाटताना हुंकार, पाजताना हुंकार. सगळं वाचलेलंच होतं, तरी डोळे का भरून आले माझे?

मायाळूपणा थोडा जनुकांतूनही येतो, असं मी सांगायला लागले.

“ते हाय की,” हिराबाई म्हणाल्या. “हिची आय परक्यालाबी पाजायची. म्हनून तिच्या पोटच्या माद्या म्या कधी इकल्या न्हाईत.”

मग त्यांनी या मेंढीची आई, आजी, पणजी बोटांवर मोजली, एकेकीच्या स्वभावासकट. मी सांगणं थांबवलं आणि वहीत उतरवून घ्यायला लागले.