सोद्या म्हटलं म्हणून

ताईस, तुझ्या तापट भावाचा नमस्कार.

मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, खोलीला खिडकी आहे. तुझी कंबर कशी आहे?

एक गोष्ट बाबांना सांगू नकोस. काल बाइंडिंगच्या कारखान्यात माझ्याकडून पुठ्ठा तिरका कापला गेला. म्हातारे मिस्त्री हसत म्हणाले, "काय रे सोद्या, लक्ष कुठंय?" माझं जिच्यावर मन आहे, तिच्या वडिलांनी दारात उभं करून मला हाच शब्द ऐकवला होता. माझं डोकंच फिरलं. मी त्यांना ढकललं आणि त्यांचं मनगट मोडलं.

दवाखान्यात मिस्त्री मला म्हणाले, "पूर्वी सोदा म्हणजे लुच्चा, बाहेरख्याली. त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. पण माझी आई दूध सांडलं तरी मला सोद्याच म्हणायची. आता मला म्हणणारं कुणी उरलं नाही, म्हणून तुम्हा पोरांना म्हणतो."

मालकाला त्यांनी पाय घसरला म्हणून सांगितलं. मालक म्हणाला, "पाय घसरायला लागले, आता घरीच बसा." आज त्यांचा शेवटचा दिवस.

मी आत्ता आत जाऊन खरं सांगणार आहे. नोकरी जाईल. तिचे वडील म्हणतील, कॉलेज सोडलं, आता कामही गेलं. म्हणू देत. ती भेटली तर तिला सांग, माझ्यामुळे एका माणसाचा हात मोडला आणि मी ते कबूल केलं. तिचं लग्न ठरलं असलं तरी सांग.

भोंगा झाला. घाईत लिहिलंय, अक्षर लावून घे.

तुझाच,
धाकटा