मिशी आणि कोरडे फेरे

३ मार्च
दहावं काम! आजपासून गाड्यांच्या सीटा धुवायच्या. पाइप धरून नव्हे, मशीनने. घरी फोन लावला, म्हटलं, "मशीनवर लागलो." आईला वाटलं, मी बुलडोझर चालवतोय. वाटू दे.

दादा मात्र फिसकन हसला. "किती दिवस?"

म्हटलं, बघच तू. तर म्हणतो, "चाळीस दिवस एका जागी टिकलास तर मिशी उतरवीन!"

दादाची मिशी! दोन्ही टोकांना पीळ, सकाळ-संध्याकाळ तेल. वहिनी म्हणते, माझ्यापेक्षा तिचेच लाड जास्त. माझा आजवरचा विक्रम सव्वीस दिवस — बेकरीत. त्यातले चार तापाने झोपून.

बेत पक्का. चाळीस दिवस काढायचे, मिशी घालवायची, एक्केचाळिसाव्या दिवशी बॅग उचलून पसार! ही वही गॅरेजच्या माळ्यावर पडली होती. हिच्यात दिवस मोजणार.

४ मार्च
मशीन म्हणजे दोन टाक्या आणि एक लांब सोंड. खटका दाबला की गरम पाणी सीटच्या पोटात. सोडला की तेच पाणी मळ घेऊन सोंडेतून परत. तोंडाशी काचेसारखी खिडकी आहे, तिच्यातून दिसतं. बाहेरून गाडी चकाचक आणि सीटमधून निघालं काय — गटार! लोक त्यावर रोज बसतात, वर अत्तर मारून!

५ मार्च
मालकांना सगळे काका म्हणतात. कानावर पेन्सिल, बोलणं कमी. मला दोन दिवसांतच "भुंग्या" म्हणायला लागले. एका जागी ठरत नाही म्हणून.

काकांचा नियम — पाण्याचा एक फेरा, कोरडे तीन. कोरडा फेरा म्हणजे खटका सोडून नुसती सोंड फिरवायची. पाणी नाही, वाफ नाही, मजा नाही. झोपलेल्या आजोबांची पाठ खाजवल्यासारखं.

म्हटलं, "काका, सीट साफ झाली की!"
"साफ झाली. कोरडी कुठे झाली? ओली सीट म्हणजे अर्धं काम."

९ मार्च
दादाला व्हिडिओ लावला. मिशी बघायची होती, शेवटची शेवटची. दिसलं काय — कपाळ आणि पंखा! म्हटलं, फोन खाली घे. तर म्हणतो, "इथे नेटवर्क नाकापर्यंतच येतंय."

रागावलाय. टिकतोय ना मी!

१४ मार्च
आज लाज गेली. काकांनी पहिल्यांदाच शाम्पू माझ्या हाती दिला, बाटलीवर पेन्सिलीने लिहिलंय १:२०. मी सकाळपासून घड्याळावर डोळा ठेवून. बरोबर एक वाजून वीस मिनिटांनी अख्खी बाटली टाकीत ओतली!

फेस! सीटवर फेस, पायाशी फेस, गाडीचा आरसा फेसात. मशीन शिंकायला लागलं. काका धावत आले.

"काय केलंस?"
"एक वीस झाले ना काका."

काकांनी एकदा बाटलीकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे. मग तिथेच बादली उपडी घालून बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "अरे, एक भाग शाम्पू, वीस भाग पाणी!"

मग तसं लिहायचं ना!

१५ मार्च
बाटलीवर आता चित्र आहे. एक काळं झाकण, वीस पांढरी झाकणं. खाली लिहिलंय — कधीही.

२० मार्च
अठरावा. पाय पळायला शिवशिवतायत.

२९ मार्च
सत्ताविसावा! बेकरी मागे पडली! कुणाला सांगू? सोंडेला सांगितलं.

४ एप्रिल
टायवाल्या साहेबांची गाडी आली. समोरच्या इमारतीवर क्रेनने भलीमोठी पाण्याची टाकी चढवत होते. अशी टाकी रोज रोज उडते का? एकच कोरडा फेरा मारला आणि पळालो बघायला. टाकी नीट बसली.

५ एप्रिल
साहेब परत आले. दारातूनच सुरू —

"मीटिंगमध्ये फळ्यावर लिहायला पाठ फिरवली, तर सगळे हसायला लागले! अख्खी पँट ओली! माझ्या वयाच्या माणसाने काय सांगायचं लोकांना?"

वर गाडीला भिजलेल्या कुत्र्याचा वास.

मला हसू आवरेना. काकांनी बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "उद्या ती सीट पुन्हा कर. जमणार नसेल तर येऊ नकोस."

खोलीवर येऊन बॅग भरली. चेन लावली. चेन लावली की मला नेहमी बरं वाटतं. आज वाटलं नाही. चौतीस झालेत, सहा राहिलेत. दादा म्हणणार, "बघ, बोललो नव्हतो?" पिळाला तेल लावत म्हणणार!

६ एप्रिल
गेलो. पाण्याचा एक फेरा. कोरडे अकरा! खिडकीत आधी धार, मग थेंब, मग नुसतं धुकं, मग काहीच नाही. हे आधी कधी नीट बघितलंच नव्हतं.

साहेब फिकट पँट घालून आले, मुद्दाम. दहा मिनिटं सीटवर बसले. उतरले, वळले. मी आणि काका वाकून बघतोय.

"कोरडं!" मी एवढ्या जोरात ओरडलो की रस्त्यावरचे दोघं थांबले.

८ एप्रिल
आज एका गाडीला कोरडे पाच मारले. तीन पुरले असते. असंच.

१० एप्रिल
उद्या चाळीस! बॅग भरलेलीच आहे, वर टॉवेल कोंबला. परवा सकाळची गाडी. दादाला फोन केला, "वस्तरा तयार ठेव." तो नुसतं हं हं करत होता. घाबरला!

११ एप्रिल
व्हिडिओ लावला. वहिनीने उचलला. म्हटलं, आण त्याला समोर, माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे.

वहिनी हसत सुटली. "कसली मिशी, भावजी? तुम्ही लागलात कळलं, त्याच संध्याकाळी उतरवली ह्यांनी. म्हणाले, ह्या वेळी टिकणार तो, उगाच थांबायचं कशाला. तुम्हाला सांगायची चोरी होती." आणि फोन त्याच्याकडे वळवला.

दादा बिनमिशीचा हुबेहूब आत्यासारखा दिसतो.

टॉवेल काढून परत दोरीवर टाकला.