पूजेला काढलेले बूट

१६ ऑक्टोबर
उजवा घोटा प्लास्टरमध्ये. आत स्टीलची पट्टी नि स्क्रू. सगळे भातकापणीला गेले, मी ओटीवर. पोशीरला लग्न होऊन आल्यापासून कापणी चुकवली नव्हती. सासूबाई म्हणतात, "राणीसारखी बस." राणीला निदान मोरीपर्यंत एकटीला जाता येत असेल.
सारखी खंडेनवमी डोळ्यासमोर. कंपनीत फरसाणाच्या मशीनची पूजा. सुपरवायझर पाटीलकाका दारातच उभे, "बूट भायेर काढा गं, देव हाय आत." सगळ्यांचे बूट बाहेर रांगेत. नारळ मशीनपुढेच फोडला. तेलकट फरशी, वर नारळाचं पाणी. आरती झाल्यावर मॅनेजरसाहेब म्हणाले, मुहूर्ताचा माल काढा थोडा. मशीन सुरू. भरलेला ट्रे घेऊन मी वळले, आणि…

९ नोव्हेंबर
ज्याच्यामार्फत कंपनीत लागले, त्या कंत्राटदाराचा फोन. "त्या दिवशी कंपनी बंद होती ताई. तुम्ही प्रसादाला आलेल्या." प्रसादाला! एवढा ट्रे भरून प्रसाद कोण नेतं?
हे शेतातून आले, सगळं ऐकून घेतलं, हातपाय धुतले. "चल, कर्जतला वकील बघू." बस, एवढंच. लग्नानंतर प्रथमच वाटलं, कमी बोलणारा नवरा बरा.

२० नोव्हेंबर
वकीलबाई माझ्याहून लहान, पण नजर पक्की. काय हवंय विचारलं. म्हटलं, पट्टी काढायचं ऑपरेशन बाकी आहे ते करून द्या, आणि बसून करायचं काम द्या. मुख्य म्हणजे मी कामावर पडले, एवढं कबूल करा. त्या म्हणाल्या, सगळं त्या शेवटच्या वाक्यावरच आहे.

११ मार्च
कोर्टात कंपनीचं उत्तर आलं. कंपनी बंद होती, आणि बाईंनी सुरक्षा बूट 'स्वतःच्या मर्जीने' काढले. वकीलबाईंनीही विचारलं, का काढले? मला हसूच आलं. "मॅडम, बूट घालून मशीनला हळदकुंकू लावायचं?" त्या पण हसल्या. मग म्हणाल्या, हे सांगणारं दुसरं कोणी हवं.

१६ मार्च
वंदनाकडे गेले. ती कशेळ्याच्या वरच्या वाडीची, ट्रे भरायला माझ्या शेजारीच असायची. जीप कशेळ्यापर्यंत, पुढे काठी टेकत चढले. तिनं चहा केला, पाय चेपून दिला. आणि म्हणाली, "माझं नाव नको घालू गं. मला काढतील. घरात कमावती मीच हाय."
तिचं काय चुकलं? काहीच नाही. तरी उतरताना राग आला, खोटं कशाला लिहू. रडलेही.

२२ जुलै
पुन्हा नुसती तारीख. जजसाहेब रजेवर. कोर्टाच्या पायऱ्या काठीशिवाय चढले मात्र! वर जाऊन ह्यांच्याकडे बघितलं, तर हे दुसरीकडेच बघत होते. परत उतरून चढून दाखवलं.

१ ऑक्टोबर
आज खंडेनवमी. घरात कोयते-विळे पुजले. संध्याकाळी वंदनाचा फोन, आवाज चढलेला. "आवंदा मशीनपुढं रबरी चटई टाकली गं. नारळ भायेर दारात फोडला. म्हंजे समदं ठाव हाय त्यांना! आणि तुझ्यावर ढकलत्यात." मग तीच म्हणाली, "घाल माझं नाव."
दोनदा विचारलं, नक्की? तर म्हणाली, ठेव फोन, भाकऱ्या करायच्यात.

१४ जानेवारी
संक्रांत, आणि नेमकी आजच तारीख. वं. नवी साडी नेसून आली. पिंजऱ्यात उभी राहिली. मुहूर्ताचा माल, मशीन, ट्रे, सगळं नीट सांगितलं. कं.चा वकील तिच्यावर धावूनच गेला. नियम माहीत असताना बूट का काढले? कोणी सांगितलं?
पाटीलकाका मागच्या बाकावर बसले होते, कं.च्या बाजूने आलेले. वं. त्यांच्याकडे वळली. "काका, तुमीच सांगा. तुमचे बूट कुठं व्हते?"
आणि काका बसल्या जागेवरून, "अगं, पूजेला बूट कोन घालतं? मीच तर म्हटलं, भायेर काढा!"
कोर्टात हशा. जजसाहेबांनी गप्प केलं, काकांना दटावलं. मध्ये बोललेलं धरता येत नाही म्हणे, त्यांची साक्ष पुढच्या तारखेला व्हायची आहे. तेव्हा हेच बोलतील की शिकवून आणतील, कोण जाणे. पण कं.च्या वकिलाचं तोंड बघण्यासारखं होतं.
बाहेर सगळ्यांना तिळगूळ वाटला. काका लांब चपला घालत उभे होते. त्यांच्याही हातावर ठेवला. ते माझ्या पायाकडे बघत राहिले. "दुखतो का गं अजून?"
इतक्या दिवसांत कं.च्या बाजूच्या कोणी पहिल्यांदाच विचारलं.
म्हटलं, "दुखतो ना. आज बोललात तेच पुढच्या वेळी बोला."
काकांनी तिळगूळ तिथेच खाल्ला.