बाबांनी पाहिलेली डार्करूम

पुणे

तीर्थरूप बाबांना राजनंदिनीचा नमस्कार.

मी बरी आहे. आत्या दोन्ही वेळा गरम वाढते. आईनं दिलेला लीलो चिवडो मात्र केव्हाच संपला. तिचा गुडघा कसा आहे? गरब्याच्या पासासाठी फोटो काढायला बडोद्यात, लहरीपुऱ्यातल्या आपल्या स्टुडिओबाहेर रांग लागली असेल.

हे फोनवर बोलता येत नाही, आत्या शेजारीच बसते.

माझी परीक्षा होती, म्हणून कॉलेज बघायला तुम्ही एकटे आलात. मला अहमदाबादला जायचं होतं. पण "इथली डार्करूम बघशील तर वेडी होशील," असं तुम्ही म्हणालात आणि मी ऐकलं. फोटोच्या बाबतीत तुम्ही कधी खोटं बोलत नाही.

इतके दिवस डार्करूमची दुरुस्ती चालू आहे, असं कॉलेजात सांगत होते. काल मी हट्टानं कुलूप उघडायला लावलं. आत स्नेहसंमेलनाचे पडदे आणि मोडक्या खुर्च्या होत्या. नळाला पाणीसुद्धा नाही. सर म्हणाले, "तुझ्या वडिलांना दाखवलं होतं की. बहिणीचं घर समोरच आहे, मग काळजी नाही, म्हणाले."

नजर ठेवायची होती, तर तसं सांगायचं. मी भांडले असते, पण आलेही असते.

खंडेनवमीला तुम्ही पणजोबांची तलवार, तुमचा कॅमेरा आणि माझा कॅमेरा एका पाटावर मांडता. यंदा दोनच मांडा. मी येणार नाही. आईला कारण तुम्हीच सांगा, आणि या वेळी खरं सांगा.

तुमची,
राजनंदिनी