पाच हजार दोनशे सहा दोषांसाठी अडलेली कार्यमुक्ती

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
वजनमापे तपासणी कार्यालय,
मुख्य इमारत, तिसरा मजला.

अर्जदार : नोंदणी लिपिक, तळमजला, खोली क्र. ४ (दि. ३१ मार्च रोजी निवृत्त; आजही हजर).

विषय : ताब्यातील संगणक आहे त्या स्थितीत परत घेऊन अर्जदारास जाऊ देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे दि. ६ एप्रिल, ११ जून व २४ ऑगस्टचे अर्ज. २) त्यांवर आलेली तिन्ही उत्तरे. ३) भांडार नोंदवही, पान ८८.

महोदय,

हा चौथा अर्ज आहे. आधीचे तीन विषयाच्या ओळीपुढे वाचले गेले नसावेत, असे त्यांच्या उत्तरांवरून वाटते. तेव्हा हा शेवटपर्यंत वाचावा, एवढी पहिली विनंती.

१. अर्जदाराने या कार्यालयात चौतीस वर्षे नोकरी केली. बाजारातले तराजू, वजने आणि दुधाची मापे निरीक्षकांनी तपासायची आणि त्यांची नोंद अर्जदाराने ठेवायची, अशी वाटणी होती. या चौतीस वर्षांत अर्जदाराच्या नोंदीवर कोणी बोट ठेवलेले नाही. हे फुशारकी म्हणून लिहिलेले नाही, पुढे त्याचा उपयोग आहे.

२. दि. ३१ मार्च रोजी दुपारी निरोपसमारंभ झाला. आपण स्वतः भाषण केलेत आणि भिंतीवरचे घड्याळ भेट दिलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अर्जदार पुन्हा त्याच खुर्चीवर येऊन बसला, तेव्हा काहीतरी विसरून राहिले असेल, असे समजून सगळे हसले. आठवडाभराने हसणे थांबले. आज या गोष्टीला सहा महिने वीस दिवस होत आहेत.

३. कारण असे, की जाणाऱ्या कर्मचाऱ्याने ताब्यातील प्रत्येक वस्तू निर्दोष स्थितीत भांडारपालांकडे परत करावी आणि त्याशिवाय कार्यालय सोडू नये, असा नियम आहे. अर्जदाराचा संगणक जुना आणि मंद होता. सकाळी बटण दाबून, टेबल पुसून, पाणी पिऊन, दोन पत्रांवर जावक क्रमांक घालावेत, तेव्हा कुठे पडदा उजळायचा. मागून येणाऱ्याच्या गळ्यात हे लोढणे नको, म्हणून शेवटच्या आठवड्यात अर्जदाराने 'चकाचक' नावाचा संगणक साफ करून वेगवान करणारा प्रोग्राम बसवून घेतला. शेजारच्या टेबलावरील टंकलेखक बाईंनी तो सुचवला होता, त्यांच्या घरच्या संगणकाला गुण आला होता. त्यांचा यात काडीचाही दोष नाही, आणि तसे त्या अर्जदाराकडून आठवड्यातून दोनदा वदवून घेतात.

चकाचकने चाळीस मिनिटे संगणक धुंडाळला आणि लाल अक्षरांत जाहीर केले : "३,४१७ दोष आढळले." दोष कसले, तर झालेल्या कामांच्या मागे राहिलेल्या तात्पुरत्या फायली, केव्हाच काढून टाकलेल्या प्रोग्रामांच्या रिकाम्या नोंदी, इंटरनेटवर पाहिलेल्या पानांच्या खुणा. जुन्या कोटाच्या खिशात बसची तिकिटे सापडावीत, तसला माल. चकाचकची फुकट प्रत दोष मोजते सगळे, काढते मात्र दिवसाला दहा. बाकीच्यांसाठी विकतची प्रत घ्या, अशी पाटी खाली लुकलुकत असते. ती लुकलुकत असतानाच भांडारपाल नोंदवही काखेत मारून खोलीत आले.

४. भांडारपाल सरळमार्गी गृहस्थ आहेत. परत आलेल्या खुर्चीचे पाय ते मोजतात, पंखा फिरवून पाहतात, कपाटाच्या खणात हात घालतात. संगणकाचे नेमके काय पाहायचे, हे त्यांना आजवर उमगले नव्हते आणि त्याची त्यांना खंत होती. पडद्यावरचा आकडा पाहून त्यांना हायसे वाटले. नोंदवहीत 'दोषांची संख्या' असा रकाना आहेच. पान ८८ वर त्या दिवशी असे लिहिले गेले : खुर्ची, एक (डावा हात सैल, दुरुस्त). पंखा, निरंक. टेबल, निरंक. संगणक, तीन हजार चारशे सतरा, अक्षरी व आकडी, शाईने.

अर्जदाराने समजावण्याची शिकस्त केली. भांडारपाल म्हणाले, "मी कुठं काय म्हणतोय? मशीनच म्हणतंय ना?" या गृहस्थांनी पूर्वी एकदा किल्ली न बघता एक कपाट परत घेतले होते आणि त्या किल्लीचा खुलासा ते अकरा वर्षे देत होते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. अर्जदार त्यांना बोल लावत नाही.

५. त्यानंतर अर्जदाराने जे जे केले, त्याने तो अधिकच रुतत गेला.

प्रथम रोजचे दहा दोष काढण्याचा क्रम धरला. पण संगणक चालू केला की पंधरा-सोळा नवे दोष आपोआप तयार होतात, असे दिसून आले. न चालवावा, तर दोष वाढत नाहीत. पण मग आकडाही दिसत नाही, आणि दर सोमवारी अकरा वाजता भांडारपालांना तो दिसावा लागतो. विकतची प्रत मागितली, तर परत करावयाच्या वस्तूवर खर्च करता येत नाही, असे लेखाशाखेने कळवले. स्वतःच्या खिशातून घेतो म्हटले, तर कार्यालयाच्या मालमत्तेत खासगी वस्तू मिसळण्यास मनाई आहे.

मग आपणच जिन्यात भेटलात तेव्हा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामचे मत घ्यावे, असे सुचवलेत. त्यानुसार 'तुफान' बसवला. तुफानने ८१२ दोष दाखवले आणि चकाचक हा स्वतःच घातक असल्याचा इशारा दिला. चकाचकने तत्काळ तुफानबद्दल हेच सांगितले. दोघेही एकमेकांना काढून टाकण्याची परवानगी मागत दिवसभर पडद्यावर भांडत असतात आणि त्यात संगणकाचा उरलासुरला जीव जातो. भांडारपालांनी दोन्ही आकड्यांची बेरीज केली. दोन तज्ज्ञ असतील, तर दोघांचेही ऐकले पाहिजे, असे ते म्हणाले. भीक नको पण कुत्रा आवर, अशी अर्जदाराची गत झाली.

तिसरा 'निर्मळ' नावाचा बसवला. त्याने तीन मिनिटांत हिरव्या अक्षरांत सांगितले, "आपला संगणक उत्तम आहे." अर्जदाराच्या डोळ्यांत पाणी आले, हे लिहिण्यास संकोच वाटत नाही. भांडारपालांनी चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि मान हलवली. "ज्याला एक दोष सापडत नाही, त्याची तपासणी कसली? उद्या एखाद्या निरीक्षकानं बाजारातले सगळे तराजू बरोबर आहेत असं लिहून दिलं, तर तुम्ही नोंद कराल का?" अर्जदाराने नोंद केली नसती. तसे त्याने मान्य केले.

तिन्ही प्रोग्राम काढून टाकावेत, तर ज्या साधनाने दोष नोंदला गेला, ते साधन नाहीसे करणे म्हणजे पुराव्याशी छेडछाड. संगणक पुसून पहिल्यासारखा कोरा करावा, तर त्यातील नोंदी नष्ट करण्यास त्रिसदस्यीय समितीची संमती लागते. समितीचे सदस्य-सचिव म्हणजे नोंदणी लिपिक, आणि ते पद दि. ३१ मार्चपासून रिक्त आहे. समितीची सभा दोनदा बोलावली गेली आणि गणपूर्तीअभावी दोनदा तहकूब झाली. दोन्ही वेळी अर्जदार त्याच खोलीत, त्याच टेबलाशी बसून होता.

६. आलेल्या उत्तरांविषयी. दि. ६ एप्रिलचा अर्ज आपण भांडारपालांकडे अभिप्रायासाठी पाठवलात. त्यांनी पान ८८ ची नक्कल जोडून परत केला. दि. ११ जूनच्या अर्जास उत्तर आले, की अर्जदार सेवेत नसल्याने कर्मचारी म्हणून त्याचा अर्ज घेता येत नाही. म्हणून दि. २४ ऑगस्ट रोजी निवृत्तांच्या तक्रार कक्षाकडे अर्ज केला. त्यांनी कळवले, की अर्जदार कार्यमुक्त झालेला नसल्याने तो निवृत्त धरता येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या पायवाटेवर अर्जदाराचे टेबल. काहीही न सांगता निघून जावे, तर 'मालमत्तेचा हिशेब न देता फरार' असा शेरा बसतो आणि पोलिसांत कळवले जाते, याची लेखी समज अर्जदारास दोनदा मिळालेली आहे.

७. अर्जदाराच्या जागी बदलीवर आलेले सहकारी एप्रिलपासून टेबलाच्या पलीकडे, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसतात. कार्यभार मिळाल्याशिवाय त्यांना सही करता येत नाही. ते सगळे वर्तमानपत्र वाचतात, मग कोडे सोडवतात, मग अर्जदाराच्या तोंडाकडे पाहतात. परवा म्हणाले, "काका, तुमच्यावर राग नाही हो माझा. पण मी घरी बायकोला काय सांगू, दिवसभर काय केलं म्हणून?" माणूस चांगला आहे. त्याचीही वर्षे चालली आहेत.

८. आता ज्यासाठी हा अर्ज आहे, ते. आधीच्या तिन्ही अर्जांत हे लिहिले नव्हते. घरगुती बाबी कार्यालयीन पत्रात आणू नयेत, असे अर्जदाराने आयुष्यभर पाळले.

अर्जदारास एक थोरली बहीण आहे. आई-वडील गेले तेव्हा ती सतरा वर्षांची आणि अर्जदार सहा वर्षांचा होता. तिने शिवणकाम करून त्याला वाढवले, शिकवले, या नोकरीच्या परीक्षेला बसवले, आणि स्वतःचे लग्न राहून गेले त्याबद्दल एक शब्द कधी काढला नाही. अर्जदारही एकटाच आहे. निवृत्त झालो की तुझ्याकडेच राहायला येतो, असे त्याने ताईला वचन दिले होते. इथून बसने सहा तासांवरच्या गावी तिचे दोन खोल्यांचे घर आहे. मार्चमध्ये तिने शिवणयंत्र बाहेरच्या खोलीत हलवले आणि आतल्या खोलीत अर्जदारासाठी पलंग टाकून घेतला.

ताईला विसरण्याचा आजार जडला आहे. हा वाढतच जाणार, आता जेवढे दिवस चांगले आहेत तेवढे सोबत घालवा, असे डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितले होते. दुपारी शेजारीण जेवण देते आणि गॅस बंद आहे ना ते पाहते. अर्जदार एक रविवार सोडून एक जातो. जाऊन त्याच दिवशी परतायचे, म्हणजे ताईपाशी दोन तास मिळतात. मे महिन्यात ती विचारायची, "अजून सोडत नाहीत का रे तुला? काय केलंस तरी काय?" काही केले नाही, हे तिला पटत नसे; काही न करता कोणाला दोन-दोन महिने अडकवतात का, असे ती म्हणे. ऑगस्टमध्ये तिने अर्जदाराला वडिलांच्या नावाने हाक मारली. गेल्या खेपेस दारात बराच वेळ पाहून तिने ओळखले, पण ओळखेपर्यंत तिने साखळी काढली नव्हती.

काल सोमवारी भांडारपालांची तपासणी झाली. आकडा ५,२०६ निघाला. ते गेल्यावर अर्जदाराने कार्यालयाच्या फोनवरून ताईला फोन लावला आणि नेहमीप्रमाणे विचारपूस केली. ताईने सगळे ऐकून घेतले आणि अगदी मर्यादेने म्हणाली, "तुम्ही कोण ते लक्षात नाही आलं. पण जरा फोन ठेवता का? माझा धाकटा भाऊ याच वेळेला कचेरीतून फोन करतो. तुम्ही बोलत राहिलात तर त्याचा लागायचा नाही."

अर्जदाराने फोन ठेवला.

९. सबब, अर्जदार विषयाच्या ओळीतील मागणी मागे घेत आहे आणि तिच्याऐवजी दुसरी करीत आहे.

सेवानियमांतील नियम ४१ अर्जदाराने काल रात्रभर नव्हे, पण तासभर नीट वाचला. कार्यालयाच्या मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान करणाऱ्यास चोवीस तासांत बडतर्फ करावे, नुकसान झालेली वस्तू मोहोरबंद करून पुरावा म्हणून जप्त करावी, आणि तिचा कार्यभार त्या क्षणी संपला असे समजावे, असे त्यात आहे. म्हणून अर्जदार याद्वारे कबूल करतो, की पान ८८ वर नोंदलेले संगणकातील सर्व दोष, त्यात उद्यापर्यंत पडणारी भर धरून, त्याने स्वतः, एकेक करून, जाणूनबुजून केले. हे खोटे आहे, हे आपणास माहीत आहे आणि अर्जदारासही. चौतीस वर्षांत त्याने लिहिलेली ही पहिली खोटी नोंद आहे.

बडतर्फीने निवृत्तिवेतन बुडते, नावाला बट्टा लागतो, निरोपाच्या दिवशीचे आपले भाषण व्यर्थ जाते, याची अर्जदारास पूर्ण जाणीव आहे. त्याने लहानपणी ताईच्या हाताखाली काज-बटण शिकून घेतले आहे, दोघांचे भागेल. बदलीवर आलेल्या सहकाऱ्यांना नवा संगणक मिळेल. भांडारपालांचा रकाना बंद होईल. कोणाचेही नुकसान होणार नाही.

ताई रोज वाट पाहते आहे. कोणाची, ते तिला आठवते आहे तोवर अर्जदारास जाऊ द्यावे.

आपल्या आदेशासाठी टेबलाशी बसून असलेला,
(सही)
नोंदणी लिपिक
दि. २० ऑक्टोबर, मंगळवार

सोबत :
१) भांडार नोंदवही, पान ८८ ची नक्कल.
२) ताईच्या डॉक्टरांचा दाखला.
३) कबुलीजबाब, तीन प्रतींत, सहीसह. दोषांच्या आकड्याची जागा मोकळी ठेवली आहे. आदेशाच्या दिवशी जो असेल तो भरावा.