गिऱ्हाइकांचा चहा

सूनबाई,

तुला खरं वाटणार नाही, पण यंदा घरी पुस्तकं बाइंडिंगला घेऊन आलेल्या गिऱ्हाइकांनी माझा सहाशे कप चहा रिचवला. तू दिवसभर ऑफिसात, म्हणून तुला ती दिसली नाहीत. तो चहा धंद्याच्या खर्चात धरावा म्हणून आज करसल्लागाराकडे गेलो होतो. दमलोय, पडतो, जेवायला उठवू नकोस. छोटीच्या अभ्यासाला तू माझी बाइंडिंगची पुढची खोली मागत होतीस, ती उद्यापासून घे. झालं एवढंच, की सल्लागारानं माझी हिशेबाची वही चाळून विचारलं, "काय हो काका, चहा एवढा, मग खळ, दोरा, पुठ्ठा वर्षभरात काहीच कसं घेतलं नाहीत?"

म्हटलं, गिऱ्हाइकं आपापला पुठ्ठा घेऊन येतात.

त्यानं वही मिटली. "काका, गिऱ्हाईक एकही येत नाही. चहा तुम्ही एकटेच पिता."