पडदा कोणी ओढला

मी, वुयिसिले मातोती, वय वर्षे बहात्तर, व्यवसाय सॅक्सोफोन वाजवणे, राहणार लांगा वस्ती, केप टाउन, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझी शेवटची इच्छा लिहून ठेवीत आहे. माझी मुलगी नोसिफो विचारते, "बाबा, तुमची शुद्ध कधी पूर्ण होती?" तिने ही हरकत कोर्टात घ्यावी.

१. राहते घर नोसिफोला. छप्पर गळते. जावईबापू ते कसे दुरुस्त करावे हे सहा वर्षे सांगत आहेत. आता त्यांना शिडी द्यावी.

२. माझे कोट चर्चमधल्या म्हाताऱ्यांना वाटावेत. निळा कोट मात्र आमच्या ड्रमवाल्या फुंडिलेला देऊ नये. तो जन्मभर ताल चुकला आणि दर वेळी माझ्याकडे बघत राहिला, जणू काही मीच चुकलो.

३. सॅक्सोफोन. म्युझियमवाल्यांना तो काचेच्या पेटीत ठेवायचा आहे. त्यांना देऊ नये. तो पीट ओबरहोल्झर याला द्यावा. का, ते नीट लिहितो, कारण या बाबतीत मी चाळीस वर्षे खोटे बोललो आहे.

१९६४ साली गोऱ्यांच्या सभागृहात काळ्या माणसाला रंगमंचावर उभे राहता येत नसे. जॅझ मात्र त्यांना आमचाच हवा. म्हणून मी पडद्यामागे खोक्यावर बसून वाजवी आणि पुढे पीट, औषधाच्या दुकानातला गोरा कारकून, दुसरा सॅक्सोफोन तोंडाला लावून नुसते गाल फुगवी. टाळ्या त्याला. माझी एक धून होती, 'पास दाखव'. शहरात राहायला काळ्या माणसाला सरकारी पास जवळ बाळगावा लागे; तो तपासायला पोलीस आमची दारे जशी ठोकत, तसाच तिचा ठेका होता. छापील कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव 'समुद्राची झुळूक'. साहेबलोक आमच्या संतापावर मजेत नाचत, आणि ते ऐकून लांगातली माणसे हसून लोळत.

एका शनिवारी माझी बहीण नोमोंडे हिला पास जवळ नाही म्हणून धरून नेले. त्या संध्याकाळी मी ती धून अर्ध्यातच थांबवली. पीट गाल फुगवून बोटे नाचवतोच आहे आणि सभागृहात आवाज नाही. हातात तेवढेच होते, तेवढे मी केले. गोऱ्यांची फजिती करायची होती, पहिली त्याची.

मग मी पडदा फाडला, असे मी आजवर सांगत आलो. शाळेच्या भिंतीवर तसे चित्र आहे. त्यात मी फारच देखणा आहे. खरे असे की मी खोक्यावर घाबरून बसलो होतो. पडदा पीटने ओढला. लोकांना म्हणाला, "वाजवतो हा. मी नुसता उभा असतो." मग माझ्याकडे वळून हळूच, "आता पुरी कर, शहाण्या."

मी पुरी केली, उभा राहून, सगळ्यांच्या देखत, पोलीस येईपर्यंत. मला तीन आठवडे कोठडी झाली. त्याची नोकरी गेली आणि बापाने त्याला घरात घेतले नाही. तरी माझी बढाई ऐकत पीट चाळीस वर्षे गप्प बसला. मला लाज वाटते. म्हणून सॅक्सोफोन त्याला.

४. वरील मजकूर वकीलबाई गादिजा अब्राहम्स यांनी आज सर्वांसमोर वाचला. साक्षीसाठी पीटलाच बोलावले होते. बाई म्हणाल्या, "ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही. वाद्य किंवा सही, एकच काय ते ठरवा."

पीट मला म्हणाला, "वुयी, या वयात वाद्य घेऊन काय करू? परत गाल फुगवू? तुझ्या नातीला दे, तिला वाजवता तरी येतं."

"अरे, मग तुला काय?"

"पेन दे."

सबब कलम ३ मधील वाद्य नात झोलेका हिला द्यावे. बाकी मजकुरातले एक अक्षरही गाळू नये, आणि शाळेच्या भिंतीवरचे चित्र बदलावे.

स्थळ: लांगा, केप टाउन. दिनांक: ९ मार्च २००६.

लिहून ठेवणार: वुयिसिले मातोती (सही)

साक्षीदार:
गादिजा अब्राहम्स, वकील (सही)
पीट ओबरहोल्झर (सही, खाली त्याच्याच अक्षरात: "पडदा मी ओढला. वाजवलं त्याने.")